जोडीतला डावा

मित्रांनो, मी एक जुना आयपीस आहे. दुर्बिणीच्या ज्या टोकाला माणूस डोळा लावतो, तिथे बसणारं भिंगांचं जाडजूड भांडं. पण नुसतं ‘मी’ म्हणायची मला सवय नाही. आम्ही दोघे आहोत. तो उजवा, मी डावा.

एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात आमची भिंगं घासली गेली. आमच्यातून बघणं म्हणजे नळीतून डोकावणं नव्हे. खिडकी उघडून उभं राहिल्यासारखं आभाळ चहूबाजूंनी पसरतं. त्याची कडा शोधायला डोळा फिरवावा लागतो. आमचे मालक चष्मे बनवत. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावून ते घरी येत आणि संध्याकाळी गच्चीवर स्वतःच्या डोळ्यांना आम्हाला लावत. दुर्बिणीतून आलेला उजेड दोन वाटांना सारखा वाटून देणारी एक जोडणी त्यांनी आणली होती. बायनोव्ह्यूअर म्हणतात तिला. तिच्या दोन नळ्यांत आम्ही बसायचो. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच उजेड येई, पण दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं की चंद्र चपटा राहत नसे. निळ्या संध्याकाळी एक गोळा तरंगतोय, हात पुढे केला तर तळव्यात येईल, असं वाटे. मालक बघताना श्वाससुद्धा हळू घेत.

त्यांच्या मुलीला मात्र आम्ही कधी लाभलो नाही. ती लहान होती, तिचे डोळे जवळजवळ होते आणि आम्ही दोघे अंगानं रुंद. कितीही जवळ सरकवलं तरी आमच्या कडा एकमेकींवर आपटत आणि मध्ये तिचं नाक अडकून बसे. “नाकापेक्षा मोती जड,” मालक हसत म्हणत. ती रुसे. मग ते दुकानातली पट्टी तिच्या नाकावर आडवी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजत. बावन्न मिलिमीटर. आम्हाला एकोणसाठ तरी हवे होते. पुढच्या वर्षी चोपन्न, मग छप्पन्न. मोजमाप नेमानं चाले. तिचे डोळे आमच्याजोगे झाले तेव्हा तिला वेळ नव्हता, आणि पुढे ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. फोनवर मालक सांगत, “ये एकदा, आता बसतील तुला.” ती म्हणे, येते.

ती आली तेव्हा मालक नव्हते.

चार महिने आम्ही पेटीत पडून होतो. बुरशी लागायला तेवढे दिवस पुष्कळ होतात, मित्रांनो. एका संध्याकाळी तिने पेटी उघडली, जोडणी दुर्बिणीला बसवली आणि अर्ध्या चंद्राकडे वळवली. नळ्या जवळ-दूर फिरवायच्या मधल्या बिजागरीवर आकडा होता सहासष्ट. मालकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर, त्यांनी शेवटचं बघितलं तेव्हाचं. तिने त्याला हात लावला नाही. तशीच वाकली.

उजव्यात चंद्र आला तेव्हा माझ्याकडे काळोख होता. तिने डोकं जरा सरकवलं. चंद्र माझ्यात आला आणि उजवा विझला. असं कितीदा तरी झालं. मला सगळं दिसत होतं, खड्डे, डोंगर, त्यांच्या लांब सावल्या, पण एकट्याने मी काय देणार? बाबांना जे दिसायचं ते तिला हवं होतं, आणि बाबांचं माप मोडायचं नव्हतं. दोन्ही एकदम होईना.

वाळलेले कपडे काढायला तिची आई वर आली होती. थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, का गं, दिसत नाही का?

“फिरवलं तर दिसेल,” मुलगी म्हणाली. “पण फिरवलं की बाबांचं जाईल.”

आईने कपडे कठड्यावर ठेवले.

“दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून कोणी दुकानात आलं, तर हे आधी तो काढायला लावायचे. सख्ख्या भावालाही सोडलं नाही. आणि तू त्यांचंच माप लावून बसलीस. सहासष्ट मला पाठ आहे. फिरव.”

तिने दोन्ही हातांनी आम्हाला धरलं. आम्ही हळूहळू जवळ आलो. पासष्ट, त्रेसष्ट. साठवर माझ्यातला चंद्र आणि उजव्यातला चंद्र एकमेकांत विरघळले आणि तो गोळा अलगद पुढे आला. तिचा श्वास आमच्या काचांवर धुक्यासारखा उमटला आणि गेला. ती तिथून हलेना. शेवटी आईच म्हणाली, “सरक आता. मला कुणी विचारलंच नाही आजवर.” आणि आम्हाला पुन्हा फिरावं लागलं.

मित्रांनो, आम्हाला कोरड्या जागी ठेवा. जोडी फोडू नका. गेलेल्या माणसाची वस्तू त्याच्या मापावर गोठवून ठेवू नका; तिला नव्या डोळ्यांपुढे येऊ द्या. माझ्या काचेवर आता तिघांच्या पापण्यांचे ठसे आहेत, एकावर एक. कधीतरी ते पुसावे लागतील. आधी धूळ रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ कापडाने, अगदी हलक्या हाताने. घाई करू नका.