न आंबणारी टाकी

हे कुणाला पटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो: कोचकोरच्या आमच्या कुमिसच्या, म्हणजे आंबवलेल्या घोडीच्या दुधाच्या, कारखान्यात एक यंत्र चालीरीती शिकलं होतं. हसू नका, चहा सांडेल.

बुरुल नावाच्या इंजिनीअर पोरीनं ते बसवलेलं. घोडीचं दूध टाकीत आंबत असे. यंत्राचा हात त्यातून अधूनमधून बाटलीभर काढायचा, फेस बसावा म्हणून फळीवर ठेवायचा आणि थोड्या वेळानं आपणच उचलून साखर मोजायचा. दूध आंबेल तशी साखर उतरायला हवी. ती चढू लागली!

टाकी अशी फसफसतेय की झाकण उडतंय, आणि पडद्यावर काय? दूध गोड, आंबलेलंच नाही.

"शामेन आके," थोरल्या भावासारखी हाक मारत बुरुल मला म्हणाली, "खोटं कोण बोलतंय? टाकी की यंत्र?"

"मला काय विचारतेस? मी नटबोल्ट आवळणारा माणूस."

संचालक आले, नाक फेंदारून गेले. "दुपारपर्यंत आकडा उतरला नाही तर टाकी ओढ्यात सोडा, यंत्र भंगारात. आणि पोरी, तूही त्याच गाडीत बस."

पोरीनं नळ्या धुतल्या, तारा बदलल्या. यंत्राला साधं पाणी मोजायला दिलं. ते म्हणालं, साखर नाही. म्हणजे यंत्र शहाणं! मग वेडं कोण? मी म्हटलं, घोड्या पोळ्यातला मध खाऊन आल्या असतील. कुणी हसलंसुद्धा नाही, इतकी डोकी फिरलेली.

शेवटी वैतागून तिनं फळीवरची बाटली उपडी केली. आतून साखरेचा अर्धवट विरघळलेला खडा घरंगळला.

"अगं बाई!" बुरुल ओरडली. "कुणीतरी घोट घेतलाय, आणि भांडं रिकामं परत कसं द्यायचं, आपली रीत नाही, म्हणून वर हा आहेर!"

तिनं स्वतः टाकीतून बाटली भरली, स्वतःच मापाखाली धरली. आकडा धाडकन उतरला. टाकी वाचली, पोरगी वाचली. संचालकांनी तिथंच दोन वाडगे रिचवले.

आता बोला, खडा कुणी टाकला? यंत्रानं! आमच्यात वावरून शिकलं बिचारं. परक्याच्या टाकीतून घ्यायचं आणि बदल्यात काहीच ठेवायचं नाही, हे त्याला बरं दिसेना...

"पुरे!" चहाच्या समोवारपलीकडून माझी बायको उमसुनाई कडाडली. "यंत्राला खिसा होता का हो? तेव्हा तुमचा कोट धुता धुता माझे हात गेले, खिसा आतून सगळा साखरेनं चिकट! घोट घेणारे तुम्हीच!"