न झालेल्या गोलाचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि गप्प बसणं मला मुळीच जमत नाही. माझा जन्म बोटीसाठी झाला. सायमा तळ्यात लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या बोटीवर मी सारा उन्हाळा बोंबलत असे. बोट मोडीत निघाली, तेव्हा गावानं मला बर्फावरच्या हॉकीच्या मैदानात छताखाली टांगलं. आपल्या संघानं गोल केला की वाजायचं, एवढंच काम. काय ते दिवस! माझ्या आवाजानं कॉफीचे पेले थरथरायचे, पोरं कान दाबून हसायची.

यंदा मात्र हिवाळाभर जीव नुसता कासावीस. पोटात हवा ठासून भरलेली आणि गोल व्हायचा तो क्वचितच! आमचा कप्तान ओत्सो सारी उमर इथंच खेळला. हा त्याचा शेवटचा हंगाम, आणि यंदा त्याच्या नावावर एकही गोल नाही. वरच्या खोलीत बसून माझी कळ दाबते ती इर्मेली. सॉसेज विकणारा ताइस्तो तिला खालून डिवचायचा, "काय गं, भोंगा गंजला की तुला झोप लागली?"

"तुझी जीभ गंजली तर बरं होईल!" ती म्हणायची.

शेवटचा सामना आला. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. आम्ही एका गोलानं मागे, वेळ संपत आलेली. ओत्सोनं काठीनं रबरी चकती अशी हाणली की जाळं फुगलं! इर्मेलीनं कळ दाबली, मी जीव तोडून बोंबललो. सगळं गाव उभं राहिलं. ओत्सोनं दोन्ही हात उंचावले.

पंचानं नकाराचे हात हलवले. चकती जाळ्याला बाहेरून लागली होती. आम्ही हरलो.

माणसं गेली. ओत्सो बूट काढून मोज्यांवरच जिना चढून आला, तर इर्मेली रडत बसलेली.

"गावासमोर तुझं हसं केलं रे मी. आता या कळीला हात लावणार नाही."

"वेडी आहेस का? अगं, वर्षभरात भोंगा तेवढा एकदाच वाजला माझ्यासाठी! वाटलं, झाला बुवा गोल. पुढच्या वर्षी पोरं खालच्या गटात खेळतील. त्यांच्यासाठी कोण वाजवणार?"

"आणि पुन्हा चुकले तर?"

"खुशाल चूक की! पण उशीर करू नकोस."

मित्रांनो, हरलेल्या संघाचं मैदान फार लवकर ओस पडतं. तुम्ही मात्र या, आणि घसा साफ करून या. मी एकट्यानं किती ओरडू?