सुताराच्या पाठीच्या गोळ्या

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी सुताराच्या बायकोचं पित्ताशय काढलं. खड्यांनी गच्च भरलेलं होतं. पोटाला चार बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं काढलं.

"चारच?" शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली. "अहो, तुम्ही एका बिजागरीला याहून जास्त पाडता."

हसली आणि उजवा खांदा धरून कळवळली. सुतार घाबरला. भोकं पोटाला, मग खांदा कसा दुखतो?

सिस्टर म्हणाली, "ऑपरेशनला पोट फुगवायला गॅस भरतात, आजोबा. उरलेला वर दाबतो. दोन-तीन दिवसांत जिरेल. पण आजी, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. दुखणं आटोक्यात असेल तरच मोठा श्वास घ्याल, खोकाल, चालाल. अंग चोरून पडलात तर छातीत कफ साठेल. मग अवघड होईल."

"घेईन हो. लहान आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी घरी आले. रंधा मारून मारून सुताराच्या पाठीचं गेल्या दहा वर्षांत धनुष्य झालं होतं. त्या संध्याकाळी तिनं त्याच्या हातावर गोळ्यांचं पाकीट ठेवलं.

"डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासाठी दिल्यात. मीच पाठीचं सांगितलं."

"मला न तपासताच?"

"तपासायचंय काय? लांबून दिसतं."

त्यानं एक गोळी गिळली, पाकीट खिशात टाकलं. सकाळी उठला तो सरळ. भिंतीचा आधार न घेता! तीन दिवस त्यानं मन लावून काम केलं, जेवताना डॉक्टरीणबाईंचे गोडवे गायले.

"तू चालतेस ना गं?"

"तुम्ही कामाला बसलात की चालते."

ती चालत नव्हती. पोटावर उशी दाबून भिंतीकडे तोंड करून पडायची. श्वास घ्यायची तो चहाच्या घोटासारखा, थोडा थोडा. खोकला आला की गिळून टाकायची.

चौथ्या दिवशी अंग तापलं, ओठ काळवंडले. सुतारानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"गोळ्या घेतल्या होत्या ना?" सिस्टरनं विचारलं.

सुतारच तोऱ्यात म्हणाला, "तुमच्या गोळ्या म्हणजे अमृत, बाई. हे बघा, माझी पाठ," आणि त्यानं खिशातून उरलेलं पाकीट काढलं.

सिस्टरनं पाकीट उलटं-सुलटं पाहिलं. "या आजींच्या आहेत. तुम्हाला कुणी काही दिलं नव्हतं."

सुतार स्टुलावर बसला. पाठ अजूनही दुखत नव्हती.

"असं का केलंस गं?"

"मला सोसतं," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचं वाकणं बघवत नव्हतं. आता ओरडू नका, लोक बघतात."

तो ओरडला नाही. तिचा हात हातात घेऊन बसला, तो पाच दिवस तिथेच.

सुताराची बायको न्यूमोनियानं गेली. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी सव्वाअकराला. एकसष्ट वर्षांची होती.