साळूमावशीच्या सीटखाली

नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखण्यात पाथर्डीत माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक विसरले की मी आठवण करून देतो, एवढंच. म्हणूनच बन्सीआबांच्या व्हॅननं मला जो ताप दिला, तो मी जन्मात विसरणार नाही.

व्हॅन जुनी, पेट्रोलवरची. इंजिन पुढच्या सीटांच्या खाली; सीट उचलली की इंजिन समोर. आबांनी उभं आयुष्य उसाच्या ट्रकवर काढलेलं. दसरा झाला की घर सुटायचं, ते कारखान्याचा पट्टा पडून गाळप संपेपर्यंत. साळूमावशी गावाकडं एकटी, शेरडं आणि पोरगा सांभाळत. ट्रक सोडल्यावर आबांनी ही व्हॅन घेतली आणि मावशीला शेजारी बसवलं. तेव्हापासून दोघं बाजाराला जोडीनं, दवाखान्यात जोडीनं, कुणाचा साखरपुडा असो नाहीतर दहावा असो, जोडीनं. आमच्याकडं या वयातलं जोडपं एका गाडीत पुढं बसून हिंडताना दिसलं की लोक वळून बघतात.

तर एके दिवशी आबा गॅरेजवर आले आणि म्हणाले, "गनीभाई, गाडी मिसिंग मारतीय. चढाला लागली की एक प्लग झोपतोय. फट्‌ फट्‌ करती आन् दम टाकती."

मी गाडी चालू केली. सुतासारखी सरळ चालली. चालत्या इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून बघितली. वायर काढल्यावर आवाज पडला की समजायचं, तो प्लग काम करतोय. चारही वेळा आवाज पडला. वायरींचं रबर जुनं होऊन चिरलं होतं, पण ठिणगी चोख पोचत होती आणि तसल्या वायरी आता लवकर मिळत नाहीत, म्हणून त्या राहू दिल्या. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, आबांना शेजारी बसवून मोहटादेवीच्या चढावर गाडी पळवून आणली. एक चूक नाही.

चार दिवसांनी आबा परत हजर. "मिसिंग!" मी परत तपासलं. परत काही नाही. असं सारखं व्हायला लागलं. घरी गेली की आजारी, माझ्या दारात आली की ठणठणीत. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आबा, गाडीत काही बिघाड न्हाई. तुमच्या कानातच काहीतरी बिघडलंय."

आबा असे लाल झाले की मला वाटलं, आता माझ्याच हातातला पाना घेऊन घालतात डोक्यात. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नगरहून पार्थ, त्यांचा मुलगा. आबा फोन नेहमी स्पीकरवर घेतात, त्यामुळं बापलेकाचं बोलणं सगळ्या गॅरेजनं ऐकलं.

"आबा, रविवारी बारशाला बसनं या. ती गाडी आणू नका."

"नातीच्या बारशाला मी माझ्या गाडीनं येनार."

"घाटात बंद पडली तर आईला घेऊन कुठं उभे राहणार? मला इथं झोप लागत नाही तुमच्या त्या गाडीपायी."

"गाडीला काय बी झालेलं न्हाई. गनीभाई हितंच उभं हायेत, इचार."

"मग असं करू," पार्थ म्हणाला. "करंजीचा घाट चढून गाडी न थांबता आली तर तुमची तुम्हाला. वाटेत थांबली तर चावी माझ्याकडं द्यायची. मी ती मोडीत काढतो."

आबांनी "ठरलं!" म्हणून फोन ठेवला आणि मग त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "गनीभाई, तुमीबी चला बारशाला. हत्यारं घेऊन."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पुढं आबा आणि मावशी, मागं मी, माझी पेटी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. आबा खुशीत होते. तिसगावला एका टेम्पोच्या नंबरप्लेटखाली लिंबू-मिरची लोंबत होती, ती बघून त्यांची टकळी सुरू झाली. "लिंबानं गाड्या चालल्या असत्या तर पंपावर लिंबंच इकली असती!" आबांचा हा आवडता विषय. गावात कुणी नव्या ट्रॅक्टरला काळी बाहुली बांधली तर हा माणूस चारचौघांत त्याची सालं काढतो. मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. त्या सीटवर जरा सावरून बसल्या.

करंजी मागं पडली, घाटाचा चढ लागला आणि मी तो आवाज या कानांनी ऐकला. फट्‌. फट्‌ फट्‌. चारातला एक प्लग मेला होता. व्हॅन उचक्या देत एका वळणावर गेली आणि गप उभी राहिली.

"आला का आवाज?" आबा ओरडले. गाडी बंद पडल्याचं दुःख बाजूला, आपण खरं ठरल्याचा आनंद त्या आवाजात जास्त होता. पण तो क्षणभरच टिकला. पार्थचं बोलणं आठवलं असणार. ते स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

मी खाली उतरलो. "मावशी, उतरा जरा. सीट उचलायचीय."

"माझं गुडघं दुखत्यात."

"मी हात देतो की."

"ऊन लई हाय."

"त्या झाडाखाली सावलीत बसा."

"मला गरगरतंय. जरा दम धरा, गाडी आपोआप नीट हुईल."

आबा वैतागले. "अगं, गाडी काय शिंकतीय का, आपोआप नीट व्हायला? उतर खाली!"

"मी न्हाई उतरनार," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. मी इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. गंजून बसलेले नट पाहिलेत, पण अशी सीट पाहिली नव्हती.

आबांचा आवाज एकदम खाली आला. "साळू, पार्थ गाडी मोडीत काढील गं."

मावशींनी त्यांच्याकडं बघितलं. मग उतरल्या आणि रस्त्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मी सीट उचलली.

आत लिंबू होतं. चांगलं पिवळंधमक, रसरशीत, मुठीएवढं. खाली सात मिरच्या, भाजून निघालेल्या. एक बिब्बा. आणि हे सगळं तांब्याच्या तारेत ओवून लोखंडी पट्टीला पक्कं बांधलेलं. लिंबू नेमकं तिसऱ्या प्लगच्या वायरीवर, जिथं रबर चिरलं होतं तिथं टेकलेलं. मी वरून पोत्याची सावली धरली आणि आबांना गाडी चालू करायला सांगितली. बारीक निळी ठिणगी वायरीतून लिंबावर उड्या मारत होती. लिंबातून तारेत, तारेतून बॉडीत. प्लगपर्यंत पोचायला काही उरतच नव्हतं.

"मावशी!" मी ओरडलोच. "मी गाडी तपासायचो तवा हे कुठं असायचं?"

"गॅरेजला न्यायची म्हनलं की मी काढून ठेवायची," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ह्यांनी बघितलं असतं तर गावभर हसं केलं असतं माजं."

"आन् घरी आली की परत बांधायच्या?"

"परत. दोरा आतल्या गरमीनं जळायचा, म्हनून पान्याच्या मोटारीची तार घेतली. गाडी लईच आजारी पडाया लागली, म्हनून मोठं लिंबू आनलं."

मी रस्त्याच्या कडेला खाली बसून हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. गाडी जितकी बिघडत होती तितकं लिंबू मोठं होत होतं, आणि लिंबू जितकं मोठं तितकी गाडी बिघडत होती! कार्बोरेटर धुऊन धुऊन माझ्या हातांची सालं निघाली होती.

आबा मात्र हसत नव्हते. "ह्या डबड्याला कुनाची नजर लागनार हाय गं? भंगारवाल्याची?"

मावशी वळल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "गाडीला कोन बांधतंय? मी आपल्याला बांधलं. निम्मा जलम तुमी ट्रकवर काढला, मी चुलीम्होरं. आता कुठं शेजारी बसाया मिळालंय. बाया बघत्यात, म्हनत्यात, साळूचा थाट बघा. मला भ्या वाटतं अवं."

आबांनी घाटाखाली बघितलं. मग टोपी काढली, झटकली, परत घातली. शेवटी म्हणाले, "गनीभाई, तेवढं वायरीचं बघा."

मी लिंबू काढलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून वायरीच्या चिरेवर आवळून गुंडाळली, वर टेप मारली. व्हॅन घाट अशी चढली की मागच्या जीपवाल्यानं हॉर्न वाजवून वाट मागायचं सोडून दिलं.

पार्थ दारातच उभा होता. मांडवात पाहुणे बसलेले, पाळणा सजलेला. त्यानं आधी गाडीचा आवाज ऐकला, मग आईला हात देऊन उतरवलं आणि माझ्याकडं बघितलं. "न थांबता आली?"

मी हो म्हणणारच होतो. अल्लाहनं तेवढं एक खोटं माफ केलं असतं. पण आबांनीच चावी पुढं केली. "थांबली. घाटात. ठरलं ते ठरलं."

"अरे, मी थांबवली!" मावशी म्हणाल्या आणि सगळ्या मांडवासमोर लिंबाची हकीकत सांगून मोकळ्या झाल्या. माणसं हसून लोटपोट. पार्थही हसला, पण चावी त्यानं मुठीतच ठेवली. "आई, पण बांधायचं कशाला?"

एवढ्या पाहुण्यांत त्या काय सांगणार? मावशी पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. तेव्हा आबाच बोलले, चांगलं मोठ्यानं. "आमच्या जोडीला नजर लागू ने म्हनून."

आता कुणी हसलं नाही. सूनबाई स्नेहल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "पार्थ, आपल्याकडं दोन गाड्या आहेत. एक तुझी, एक माझी. आपल्याला कुणाची नजर लागणार, सांग?"

पार्थनं मूठ उघडली आणि चावी आईच्या हातावर ठेवली.

बारसं झकास झालं. मी जिलेबी जरा जास्तच खाल्ली. निघताना आबा म्हणाले, "चला गनीभाई, बसा मागं." मी म्हणालो, नगरात थोडं काम आहे, तुम्ही व्हा पुढं. काम कसलं नि काय! पेटी खांद्यावर मारली आणि एसटीनं पाथर्डीला आलो. पुढं ती दोघं बसलेली असताना मागं मी कशाला?

घरी आलो तर हाजराबी, माझी बायको, मेथी निवडत होती. मी म्हणालो, "उद्या बाजाराला येतेस का? मोटारसायकलवर, माझ्याबरोबर."

तिनं मेथी बाजूला ठेवली, उठून माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ताप तर नाही."