विट्सेच्या कुरणातली घरटी

शुक्रवारी सकाळी येल्त्येने वडिलांचं नाव कुरणांतली घरटी जपणाऱ्या गावच्या पक्षी-राखणदारांच्या सभासदांतून काढलं. वडील, विट्से, थंडीतच वारले होते आणि हे काम तिने मेपर्यंत लांबवलं होतं. लीवार्डन शहरातल्या विमा कंपनीत डेटाबेस सांभाळणं ही तिची नोकरी. गावच्या राखणदारांचा डेटाबेस ती हौसेने सांभाळायची. त्यामुळे हे दुसऱ्या कुणावर टाकताही येत नव्हतं. तिने एक ओळ पुसली आणि ती कॉफी आणायला गेली.

परत आली तर फोन वाजत होता. वडिलांचे राखणीतले जोडीदार, डुर्ककाका.

"पोरी, एल्के ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी उभा आहे. म्हणतो, पडद्यावर एकही घरटं नाही, सगळं गवत सपाट कापतो. आणि इथे टिटव्या माझ्या डोक्यावर बोंबलतायत!"

"कुठलं कुरण?"

"एल्केचंच. तुझा बाप राखायचा ते."

"पण यंदाची घरटी तुम्ही नोंदवलीत ना?"

"नोंदवली की, त्याच्याच नावावर. त्याच्या टिटव्या मी माझ्या नावावर करून घेऊ? मला नाही जमत असलं."

सभासद गेला की त्याच्या नोंदीही जाव्यात, हा नियम येल्त्येनेच घातला होता. रुसून संघ सोडणाऱ्यांसाठी घातला होता. मरणाऱ्यांचा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

पूर्वी घरट्यापाशी काठ्या रोवत. कावळे नि कोल्हे काठ्या बघून अंडी गाठायला शिकले, तेव्हापासून खुणा फक्त डेटाबेसात, आणि तिथून ट्रॅक्टरच्या पडद्यावर. गवतात अंडी डोळ्यांना दिसत नाहीत.

"काका, त्याला थांबवा."

मागून एल्केचा आवाज आला. "तिला विचार, गवत भिजलं तर गाई तिच्या ऑफिसात आणून बांधू का?"

"बांध म्हणावं. पण थांब."

कामावर तिला एक सवय होती: मूळ डेटाबेसची दुसरी प्रत मुद्दाम तासभर मागून चालवायची. गावासाठीही तिने ती ठेवली होती. टिटव्यांना एवढा थाट कशाला, म्हणून सगळे हसले होते. पण पुसलेली ओळ तासाने त्या प्रतीतूनही पुसली जाणार होती, आणि आज कॉफीपाशी वडिलांचा विषय निघाला आणि सहकाऱ्यांनी तिला बराच वेळ अडकवून ठेवलं होतं. घड्याळाकडे न बघता तिने आधी प्रत जागच्या जागी थांबवली. पासवर्ड दोनदा चुकला.

प्रत उघडली. घरटी होती. सगळी.

येल्त्ये ती मूळ डेटाबेसात नेऊ लागली, तर त्याने ती घेतली नाहीत. राखणदारच नाही, तर घरटी कुणाची? आधी माणूस यायला हवा होता. येल्त्येने वडिलांची ओळ परत घातली, विट्से टेर्प्स्ट्रा, आणि बोटं किंचित थांबली. मग तिने घरटी आणली.

"आली गं!" डुर्ककाका ओरडले. "एल्के म्हणतो, पडद्याला गोवर आलाय."

"आता कापू दे. वळसे घालून."

"घालतोय. प्रत्येक वळशाला एक शिवी."

"देऊ दे." गार झालेली कॉफी तिने एका दमात संपवली. इतकी चांगली कॉफी तिने बऱ्याच दिवसांत प्यायली नव्हती.

मग तिने नियम बदलला: माणूस गेला तरी घरटी राहतील. काकांना तसं सांगितलं, आणि म्हणाली, "पण यापुढची घरटी तुमच्या नावावर टाका."

"माझ्या नावावर अंडी नासली तर?"

"नाही नासणार."

"इथे चराशी एक नवं आहे. चार अंडी." ते खाकरले. "बरं, टाकतो. थांब, खिशातून चष्मा काढू दे."

येल्त्ये थांबली. पडद्यावर, कुरणाच्या कडेला, एक नवा ठिपका उमटला.