भुरीच्या पोटी

सुनेने बेशुद्ध सशिणीच्या, पांढरीच्या, पोटावरचे केस काढले, कातडीवर औषध फिरवले आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे न पाहताच म्हटले,

"आई, बसा आता. अर्धा तास तरी जाईल."

"मी उभीच बरी."

चाळीस वर्षे सासूबाईंनी लांब केसांचे हे पांढरे ससे पाळले होते. मागच्या वर्षी साथ आली आणि पिंजऱ्यांमागून पिंजरे ओस पडले. उरले एक म्हातारा नर आणि ही एकटी मादी. तीही पहिल्याच वेळी विताना अडली. जीव वाचला, पण गर्भाशय असे दुखावले की पुढे दोनदा गाभण राहूनही काही टिकले नाही. सून सशांच्या प्रयोगशाळेत पशुवैद्य. तिच्या कामाला 'काचेतला संसार' म्हणून नाक मुरडणाऱ्या सासूबाई मागच्या आठवड्यात स्वतःच टोपली घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

सुनेने इंजेक्शने देऊन पांढरीची नेहमीपेक्षा जास्त बीजे पिकवली होती. परवा नराशी मेळ घातला. आता फळलेली बीजे गर्भाशयात उतरण्याआधीच धुऊन बाहेर काढायची आणि दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवायची. ही शस्त्रक्रिया पांढरी एकदाच सोसेल, हे तिने सासूबाईंना आधीच स्पष्ट सांगितले होते.

तिने उजव्या बीजवाहिनीत केसाइतकी बारीक नळी सरकवली आणि कोमट द्रावण सोडले. बशीत थेंब जमले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर नुसते पाणी.

काचेवर टकटक झाली. "काय गं?"

"एक बाजू झाली. दुसरी आहे अजून."

तिने घाई केली नाही. या कामात घाबरायचे ते घरी जाऊन, असे ती नव्या मुलींना सांगत असे. डावी बाजू. पुन्हा नळी, पुन्हा थेंब. या वेळी तिने बशीतली बीजे मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजली, मग पांढरीचे पोट शिवले आणि सासूबाईंना आत बोलावले.

"एक डोळा मिटा. हं, आता बघा."

सासूबाई वाकल्या. काचेच्या मण्यांत बुडबुडे दाटावेत तसे नऊ गोल.

"एवढंच?"

"एवढंच. तुमचा मुलगाही एके दिवशी एवढाच होता."

सासूबाई हसल्या. पण शेजारच्या पिंजऱ्यातली भुरी पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"हिच्या पोटी ठेवणार? ही तर बाजारातली दिसते."

"बाजारातलीच आहे. तब्येतीने मात्र ठणठणीत."

"आणि पिल्लं? कुणावर जातील?"

"पांढरीवर. भुरीचं काहीच यायचं नाही त्यांच्यात."

"म्हणजे नुसतं पोट तिचं," सासूबाईंनी मान डोलावली. "चालेल."

एकोणतीस दिवसांनी भुरी व्यायली. नऊपैकी चार पिल्ले आली, चारही जिवंत, चारही पांढरी. त्यांचे डोळे उघडल्यावर सासूबाई आल्या. एका हातात हिरव्या पाल्याची जुडी, दुसऱ्या हातात टोपली, टोपलीत पांढरी.

"हिला तिची पिल्लं दाखवते," त्या म्हणाल्या.

काय होणार ते सुनेला ठाऊक होते. तरीही तिने जाळीपलीकडे जागा करून दिली.

पांढरीने जाळीला नाक लावले, एकदा हुंगले आणि पाठ फिरवून निवांत अंग चाटू लागली. अलीकडे भुरी मात्र उठून घरट्यासमोर आडवी उभी राहिली. मागचा पाय तिने फळीवर दाणकन आपटला. घरट्यात तिने पसरलेल्या भुऱ्या केसांत चार पांढरी पिल्ले गुरफटून पडली होती. ते केस जिथून उपटले होते, तिथे तिचे पोट अजून उघडे दिसत होते.

सासूबाईंची नजर त्या उघड्या पोटावर गेली. मग त्यांनी पांढरीला उचलून टोपलीत ठेवले. पाल्याची जुडी सोडली, कोवळी पाने निवडली आणि सुनेपुढे धरली.

"पांढरीसाठी आणला होतात ना?" सुनेने विचारले.

"तिचं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीण ही आहे. आधी हिला घाल."