राखेत शिजणारी तांजिया

मित्रांनो, मी मराकेशची एक जुनी तांजिया आहे. फुगीर पोट, आखूड मान आणि दोन कान, अशी मातीची बरणी. माझ्यात जे शिजतं त्यालाही लोक तांजियाच म्हणतात. भांड्याचं आणि अन्नाचं नाव एकच, एवढा मान आमच्या गावात दुसऱ्या कुठल्या भांड्याला नाही. देह मातीचा, विस्तव परक्याचा आणि चव देणारा तो एकच वरचा, असा माझा जन्म.

मला विकत घेतलं मिलूदने. तो कातडी कमावणारा. आठवडाभर कुंडात मांड्यांपर्यंत भिजत उभा असायचा, शुक्रवारी सोबत्यांबरोबर सुट्टी. तांजिया पुरुषांनीच भरायची, असा आमच्याकडचा रिवाज. मिलूदचा कुंडावरचा सोबती कब्बूर स्वस्तातलं मांस हेरून आणायचा. बैलाची नळी, मान, शेपटी. श्रीमंत ज्याला नाक मुरडतात ते सगळं. मिलूद ते माझ्यात भरायचा. लसणाचा अख्खा गड्डा, जिरं, खारवलेलं जुनं लोणी, मिठात मुरलेलं लिंबू. केशर परवडत नाही म्हणून हळद. पाणी मात्र जेमतेम घोटभर. मग माझ्या तोंडाला कागद बांधून ते मला हमामखान्याच्या भट्टीवर सोडायचे. तिथे बुशैब भट्टीवाला भुसा जाळून अंघोळीचं पाणी तापवायचा आणि मला कडेच्या गरम राखेत पुरायचा. पैगंबरांची स्तुतिगीतं तो इतकी गोड गायचा, की ऐकता ऐकता माझ्या पोटातलं मांस हाडापासून सुटायचं. दुपारी बागेत मंडळी पावाने मला आतून पुसून खात आणि वाहवा करीत.

मग मिलूदच्या घशात गाठ आली. काम सुटलं. सोबती येत, दारातूनच बोलत.

“लवकर उठ रे मिलूद. तुझ्या हाताशिवाय तांजियाला चव नाही,” कब्बूर म्हणायचा.

“मग तू रांध की एकदा,” मिलूद घोगऱ्या आवाजात म्हणायचा. “तुझ्या बोटांना कुंडाचा वास मारतो, तोही चालेल मला.”

कब्बूर हसायचा. “पुढच्या शुक्रवारी. देवाची इच्छा असली तर.”

असे किती शुक्रवार गेले. मी फळीवर बसून राहिले, पोटात कोळ्याने घर केलं. मिलूद दाराकडे बघत पडायचा. त्याची बायको यामना पेज घेऊन आली, की तोंड फिरवायचा. “तांजिया आली का?” एवढंच विचारायचा. आणि यामनाही कब्बूरचीच वाट बघत राहिली, कारण बाईने तांजिया भरायची नसते. मला वाचा असती तर म्हणाले असते, अगं बाई, ज्याच्यासाठी रिवाज पाळतेस तो माणूस सुकत चालला आहे.

एका गुरुवारी तिने मला घासून धुतलं, कडेवर घेतलं आणि खाटकाचं दुकान गाठलं. आमच्याकडे मानाने बाईला लल्ला म्हणतात, पुरुषाला सी.

“काय हो लल्ला यामना,” खाटीक म्हणाला, “घरातले पुरुष संपले वाटतं?”

“संपत आलेत,” ती म्हणाली. “मानेचं दे. हाडासकट.”

तिने सगळं नीट भरलं. फक्त पाणी माझ्या गळ्यापर्यंत ओतलं. तिला रोजच्या घरच्या रश्शाची सवय. मग कागद बांधून तिने मला भट्टीवर नेलं. बुशैबने मला उचललं, आत पाणी डुचमळलं आणि तो थबकला.

“कुणी भरली ही? आत मांस आहे की अख्खा हमाम?”

“मी भरली, सी बुशैब. जरा सांभाळून ठेवा.”

जास्तीचं पाणी ओतून टाकावं, तर दुसऱ्याने बांधलेला कागद सोडायचा नाही, हा भट्टीचा धर्म. त्याने मला सगळ्यात मंद राखेत ठेवलं. त्या दिवशी तो गायला, पण अगदी हळू.

संध्याकाळी कागद सोडला, तर रस्सा पातळ. मांस लोण्यासारखं झालं होतं, तरी मिलूदला गिळवेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग यामनाने वाटीत नुसता रस्सा घेतला आणि फुंकर घालून एक चमचा त्याच्या ओठांशी धरला. तो उतरला. आणखी एक उतरला.

“पाणी फार झालंय गं,” मिलूद म्हणाला.

“हो. चुकलंच माझं.”

“बरं चुकलं.” त्याने पुन्हा तोंड उघडलं. पोटभर नाही, चार घोट. मग म्हणाला, “मांस ठेव. उद्या कब्बूर येईल.”

शुक्रवार उजाडायच्या आत मिलूद गेला. कब्बूर आला, सगळेच आले, खांदा द्यायला. मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजाऱ्यांची ताटं यायला उशीर होता, म्हणून परतलेल्या माणसांपुढे यामनाने मलाच ठेवलं. कब्बूरने पाव बुडवला.

“कुणी रांधली ही, लल्ला?”

“मी. तुमची वाट बघून.”

त्याचा घास हातातच राहिला.

मित्रांनो, माझ्या मानेला आता तडा गेला आहे. मला जपायचं तर पुसून फळीवर ठेवू नका, आजाऱ्याच्या घरी भरून न्या. महागाचं मांस लागत नाही. घास उतरत नसेल तर रस्सा द्या, रस्साही उतरत नसेल तर उशाशी बसा. पण आज जा. मिलूदला चार घोट मिळाले, ते देवाने पदरात घातले. त्याआधी वाट बघण्यात त्याचे जे दिवस गेले, ते मात्र त्याला कुणी परत दिले नाहीत.